हिरवळ : दख्खनच्या कोरड्या पठारावरील

हिरवळ (रूढ शब्द : लॉन) म्हणजे वरचेवर कापून आखूड राखलेल्या आणि जमीन सलग झाकणाऱ्या गवताचे आच्छादन होय. बागेचा हा प्रकार सौम्य उन्हाच्या व वर्षभर थोडाथोडा पाऊस पडणाऱ्या वायव्य युरोपात घडला. १८३० मध्ये इंग्लंडमध्ये एडविन बडिंग याने गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतल्यानंतर तो सामान्य घरांच्या आवाक्यात आला आणि वसाहतकाळात छावण्या, क्लब व बंगले यांच्याबरोबर भारतात पसरला. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील अहिल्यानगर, सोलापूर, बीड या पट्ट्यात मात्र वर्षाचा ५०० ते ७०० मिमी. पाऊस बहुतांशी जून ते ऑक्टोबर या काळातच पडतो व एप्रिल-मेमध्ये तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. त्यामुळे येथे गवताची निवड, त्याला द्यावयाचे पाणी आणि हिरवळीचा आकार या तिन्ही गोष्टी मुळापासून वेगळ्या रीतीने ठरवाव्या लागतात.

या हवामानाला सर्वांत अनुरूप गवत म्हणजे हरळी अथवा दूर्वा (सायनोडॉन डॅक्टिलॉन). शेतकरी कुंदा व लव्हाळ्याबरोबर जिला हट्टी तण म्हणून खणून काढतो, तीच ही वनस्पती. शेतात तिला उपद्रवी ठरविणारे गुण हिरवळीत उपयोगी पडतात. तिची धावती खोडे जमिनीलगत पसरून पेऱ्यापेऱ्याला मुळे धरतात, तर मूलक्षोड, म्हणजे जमिनीखालची आडवी खोडे, अन्न साठवून ठेवतात. ती सी-४ गटातील, म्हणजे कडक उन्हात कमी पाणी खर्चून अधिक अन्न तयार करणाऱ्या वनस्पतींपैकी असल्याने २५ ते ३५ अंश तापमानात जोमाने वाढते. पाणी तुटल्यास पाने वाळून गवत सुप्तावस्थेत जाते, परंतु मूलक्षोड कित्येक आठवडे जिवंत राहून पहिल्या पावसाबरोबर पुन्हा फुटतात. सावली मात्र तिला सोसत नाही. आंबा वा चिंचेखाली ती विरळ होत जाते. तेथे गवताचा आग्रह न धरता पाला पसरणे किंवा सावलीतील झुडपे लावणे अधिक शहाणपणाचे असते. अमेरिकेतील टिफ्टन येथे ग्लेन बर्टन यांनी हरळीपासून बारीक पानांचे संकर निर्माण केले. त्यांपैकी १९६० मध्ये प्रसृत झालेला ‘टिफवे’ मैदानांसाठी जगभर वापरला जातो. हे संकर वांझ असल्यामुळे त्यांची लागवड बियांनी न होता खोडांच्या तुकड्यांनी होते.

लागवडीपूर्वी जमीन सुमारे ३० सेंमी. खोल खणून उन्हात तापू देतात. नंतर पाणी देऊन तणे उगवू द्यायची व गाठींसकट वेचायची, असे दोन-तीनदा करावे लागते, कारण लव्हाळ्याची एक गाठ जरी उरली तरी पुढे ती गवतातून काढणे जवळजवळ अशक्य होते. हिरवळीला सर्व आयुष्य पुरणारी ही मेहनत आहे आणि घाई बहुधा येथेच होते. काळी माती सुकताना भेगाळते व भिजल्यावर चिकट होते, म्हणून तीत कुजलेले शेणखत मिसळून पाण्याच्या निचऱ्यासाठी हलका उतार ठेवतात. मुरमाड जमिनीवर गाळमातीचा थर द्यावा लागतो. पावसाळ्याच्या आरंभी मुळे असलेले तुकडे ८ ते १० सेंमी. अंतरावर टोचून लावल्यास पावसाळ्यातच जमीन झाकली जाते. नर्सरीतील तयार गवताची चटई अंथरल्यास हिरवळ लगेच दिसते, पण खालची जमीन तयार नसेल तर मुळे वरच्या थरातच अडकून पहिल्याच उन्हाळ्यात ती सुकते.

पाण्याचा हिशेब हा या विषयाचा गाभा आहे. एक चौरस मीटरवर १ मिमी. पाणी म्हणजे १ लिटर. जमिनीतून होणारे बाष्पीभवन आणि पानांतून होणारे बाष्पोत्सर्जन यांची एकत्रित मागणी मे महिन्यात दिवसाला ७ मिमी. धरली व हरळीची गरज तिच्या सुमारे ६० टक्के मानली, तर १०० चौ. मी. हिरवळीला रोज ४२० लिटर, म्हणजे महिन्याला सुमारे १३,००० लिटर पाणी लागते. रोज सायंकाळी वरवर शिंपडलेले पाणी मात्र वाया जाते, कारण ते मुळांपर्यंत न पोचता उडून जाते आणि मुळे उथळ राहतात. त्याऐवजी पहाटे, मुळांच्या खोलीपर्यंत भिजेल असे, खोल मातीत आठवड्यातून एक-दोनदा व मुरमाड जमिनीत दोन-तीन दिवसांआड पाणी द्यावे. काळ्या मातीत ते हळू मुरत असल्याने एकाच पाळीत न देता थांबून थांबून सोडतात. गवताला निळसर करडी झाक येणे आणि त्यावर चालल्यावर पावलांचे ठसे तसेच राहणे, ही पाण्याची वेळ झाल्याची खूण होय.

कापणीत एका वेळी पात्याच्या उंचीच्या एक-तृतीयांशाहून अधिक भाग काढू नये. साधी हरळी ३ ते ४ सेंमी. राखतात आणि उन्हाळ्यात ती आणखी वाढू देतात, म्हणजे माती सावलीत राहते. धारदार पात्याने कापलेले बारीक तुकडे तेथेच कुजू दिल्यास खताची गरज घटते. युरियाचा १०० चौ. मी.ला सुमारे १ किलो हप्ता पावसाळ्यात देऊन लगेच पाणी सोडतात, अन्यथा पाती करपतात. चुनखडीयुक्त जमिनीत लोह मिळत नसल्याने गवत पिवळे पडते. त्यावर फेरस सल्फेटची फवारणी करतात. हुमणीच्या अळ्या मुळे खातात, तेव्हा गवत सुटून हाताला चटईसारखे उचलून येते.

हिरवळ किती असावी, हा प्रश्न दुष्काळात सार्वजनिक होतो. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागत असताना क्रिकेट मैदानांवरील पाण्याचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलविण्याचा आदेश दिला. अमेरिकेतील नेव्हाडा राज्याने २०२१ मध्ये कायदा करून लास व्हेगस परिसरात २०२६ अखेरनंतर केवळ शोभेच्या गवताला कोलोरॅडो नदीचे पाणी देण्यास बंदी घातली. खेळाची मैदाने व घरगुती अंगणे तीतून वगळली. वापर आणि शोभा यांतील हा भेद दख्खनलाही लागू करण्याजोगा आहे : मुले खेळतात, माणसे बसतात तेवढ्याच जागी गवत असावे आणि मे महिन्यात ते पिवळे पडू देण्यात काही गैर मानू नये. प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरणे उत्तम. त्यातील क्षार हरळी बऱ्यापैकी सोसते, मात्र ते साचू नयेत म्हणून अधूनमधून नेहमीपेक्षा जास्त पाणी देऊन ते मुळांच्या खाली धुऊन न्यावे लागतात व निचरा नसलेल्या काळ्या जमिनीत हा उपाय चालत नाही.