वेस्लियन विद्यापीठ

वेस्लियन विद्यापीठ : अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील मिडलटाउन या नदीकाठच्या गावात असलेले खासगी निवासी विद्यापीठ. स्थापना १८३१. नावात ‘विद्यापीठ’ असले, तरी पदवीचे विद्यार्थी तीन हजारांच्या आसपास. पुण्यातल्या एखाद्या मोठ्या महाविद्यालयाचा पट याहून अधिक भरेल. अ‍ॅमहर्स्ट, विल्यम्स आणि वेस्लियन या तीन जुन्या संस्थांना मिळून ‘लिटल थ्री’ म्हणतात. त्यांपैकी पीएच.डी.पर्यंतचे शिक्षण देणारी ही एकटीच, आणि तेही मोजक्या विषयांत : गणित, काही विज्ञानशाखा आणि जगभरच्या संगीताचा अभ्यास. या शेवटच्या विषयाने वेस्लियनला भारताशी जोडले.

नाव मेथॉडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली याच्यावरून पडले. पंथाचा आधार असला, तरी हे धर्मोपदेशक घडवणारे विद्यालय नव्हते. पहिला अध्यक्ष विल्बर फिस्क. ज्या इमारतींत वर्ग सुरू झाले, त्या मुळात एका लष्करी शाळेसाठी बांधलेल्या होत्या. ती शाळा गाव सोडून गेली आणि रिकाम्या वास्तू नव्या संस्थेला मिळाल्या. चर्चशी असलेले औपचारिक संबंध १९३७ मध्ये संपले.

स्त्रियांच्या बाबतीत संस्थेचा इतिहास उलटसुलट आहे. १८७२ मध्ये मुलींना प्रवेश मिळाला. त्या काळी ही मोठीच गोष्ट होती. पण मुली आल्याने संस्थेचा पुरुषी दबदबा उणावतो, अशी माजी विद्यार्थ्यांची कुरकुर वाढत गेली आणि १९०९ मध्ये दार लावून घेण्याचे ठरले. त्यातूनच १९११ मध्ये न्यू लंडन येथे मुलींसाठी कनेक्टिकट कॉलेज उभे राहिले. वेस्लियनमध्ये पहिल्या वर्षाला पुन्हा मुली दिसल्या त्या १९७० मध्ये. उघडलेले दार बंद करून साठ वर्षांनी पुन्हा उघडणाऱ्या संस्थेने आपल्या पुरोगामीपणाचा फार गवगवा करू नये.

अभ्यासक्रम : ‘लिबरल आर्ट्‌स’ म्हणजे आपल्याकडची ‘आर्ट्‌स साइड’ नव्हे. दहावीनंतर सायन्स, कॉमर्स, आर्ट्‌स अशी कायमची वाटणी होते, तशी येथे नाही. प्रवेश घेताना विषय ठरवावा लागत नाही; मुख्य विषय साधारणपणे दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस जाहीर करायचा. पदवीला ३२ क्रेडिट लागतात, सत्राला सुमारे चार विषय. सर्वांना सक्तीचा असा एकही विषय नाही. निसर्गविज्ञान व गणित, समाजशास्त्रे, मानव्यविद्या व कला या तिन्ही गटांत प्रत्येकी तीन विषय घ्यावेत, अशी अपेक्षा मात्र आहे. ती न पाळणाऱ्याला पदवी मिळते, पण काही मुख्य विषय आणि सन्मान यांची वाट बंद होते. सक्ती न करता धाक ठेवण्याचा हा प्रकार. सत्राच्या सुरुवातीला वर्गांत बसून पाहायचे, पटले नाही तर विषय बदलायचा. भौतिकशास्त्राच्या मुलाने मृदंगाचे क्रेडिट घेतले, तर कोणाच्या भुवया उंचावत नाहीत. वर्ग लहान असतात, त्यामुळे न वाचता आलेला विद्यार्थी लपू शकत नाही. एखाद्या प्राध्यापकाची संमती मिळवून विद्यार्थी स्वतःच एक विषय शिकवू शकतात, त्यालाही क्रेडिट आहे.

या मोकळिकीला अपवाद म्हणजे १९५९ मध्ये सुरू झालेले ‘कॉलेज ऑफ सोशल स्टडीज’. इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र आणि सामाजिक विचार एकत्र शिकवणाऱ्या या विभागात दुसऱ्या वर्षी दर आठवड्याला एक निबंध लिहून त्यावर चर्चा करावी लागते. वर्षभर गुण नसतात; शेवटी बाहेरचे परीक्षक येतात. तरीही मुले आपण होऊन ही कैद पत्करतात.

संशोधनाची परंपरा जुनी आहे. अमेरिकेतले पहिले राज्य कृषी प्रयोग केंद्र १८७५ मध्ये येथेच, रसायनशास्त्रज्ञ विल्बर अ‍ॅटवॉटर यांच्या पुढाकाराने सुरू झाले. माणसाला कोठडीत बसवून त्याची उष्णता मोजणारे उपकरणही त्यांनी येथे वापरले. अन्नपदार्थांच्या वेष्टनावर आज छापल्या जाणाऱ्या कॅलरींच्या आकड्यांमागे हे काम आहे.

संस्थेकडे पैसा आला तो अनपेक्षित वाटेने. शाळकरी मुलांचे ‘माय वीकली रीडर’ हे खपाचे पत्र तिच्या मालकीचे होते. १९६५ मध्ये ते झेरॉक्स कंपनीला शेअर्सच्या बदल्यात विकले गेले.

विद्यार्थिजीवन : मुले बहुधा चारही वर्षे विद्यापीठाच्या जागेतच राहतात : आधी वसतिगृह, मग भाषा, छंद किंवा विचारसरणीवरून जमलेली घरे, शेवटच्या वर्षी गावातली विद्यापीठाच्या मालकीची लाकडी घरे. मध्यभागी फॉस हिल ही टेकडी आहे. माथ्यावर वेधशाळा आणि पायथ्याशी मैदान. ऊन पडले की अर्धे विद्यापीठ तिच्या उतारावर असते. ‘आर्गस’ हे विद्यार्थ्यांचे वृत्तपत्र १८६८ पासून निघते. २०१५ मध्ये त्यात ‘ब्लॅक लाइव्ह्‌ज मॅटर’ चळवळीवर टीका करणारा लेख छापला गेला, तेव्हा वृत्तपत्राच्या निधीला कात्री लावा, अशी मागणी विद्यार्थ्यांमधूनच झाली. मोकळेपणाचा अभिमान बाळगणाऱ्यांची ती परीक्षा होती आणि तिचा निकाल फारसा चांगला लागला नाही.

त्याआधीचा मोठा संघर्ष २१ फेब्रुवारी १९६९ चा. कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स यांच्या हत्येच्या स्मृतिदिनी वर्ग बंद ठेवण्यास अध्यापकांनी नकार दिला, म्हणून कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी फिस्क हॉल ताब्यात घेतला. माल्कम एक्स यांच्या नावाचे निवासगृह आणि पुढे आफ्रिकी-अमेरिकी अभ्यासाचे केंद्र या आंदोलनानंतरचे.

राहण्याजेवणासह वर्षाचा खर्च ८० हजार डॉलरहून अधिक आहे. ऐपत न पाहता प्रवेश देण्याचे धोरण २०१२ मध्ये सैल केले गेले. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारे झुकते माप मात्र २०२३ मध्ये बंद झाले. माजी विद्यार्थ्यांपैकी एक म्हणजे ‘हॅमिल्टन’ या संगीतिकेचा कर्ता लिन-मॅन्युएल मिरांडा. त्याच्या ‘इन द हाइट्स’ या संगीतिकेचा पहिला खर्डा विद्यार्थिदशेतला.

संगीत : अमेरिकी संगीतकार जॉन केज १९६० च्या सुमारास येथे होते. त्यांचे ‘सायलेन्स’ हे पुस्तक १९६१ मध्ये वेस्लियनच्याच प्रकाशनसंस्थेने काढले. त्याच दशकात जावाचे गमेलान हे वाद्यवृंदाचे संगीत आणि दक्षिणेचे कर्नाटक संगीत येथे आले. नृत्यांगना बालसरस्वती आणि त्यांचे बंधू मृदंगवादक टी. रंगनाथन व बासरीवादक टी. विश्वनाथन या तिघांनी येथे शिकवले. विश्वनाथन यांच्याकडे शिकलेला जॉन हिगिन्स हा विद्यार्थी पुढे मद्रासच्या मैफिलींत ‘हिगिन्स भागवतर’ म्हणून गाजला आणि अध्यापक होऊन येथेच परतला. १९८४ मध्ये रस्त्यावर वाहनाची धडक बसून तो वारला. या विद्यापीठाने पुष्कळ नामवंत घडवले, पण ‘लिबरल’ शिक्षणाचा इतका नेमका दाखला दुसरा सापडणे कठीण.

दर शरद ऋतूत येथे नवरात्र उत्सव भरतो. गायन, वादन आणि नृत्याचे कार्यक्रम होतात. शेवटी सरस्वतीची पूजा असते, आणि आपल्याकडे दसऱ्याला पाटी मांडतात, तशी तेथे वाद्ये आणि पुस्तके देवीपुढे ठेवली जातात.