कंपवाताच्या निदानाची दोन शतके

कंपवाताचे निदान आजही मुख्यतः रुग्णाला नीट न्याहाळून केले जाते. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या विकारावर निबंध लिहिला. त्यात सहा रुग्णांचे वर्णन आहे. त्यांपैकी काही त्यांना रस्त्यातच भेटले, तर एकाला त्यांनी केवळ दुरून पाहिले होते. स्वस्थ ठेवलेल्या हाताचा कंप, पुढे झुकलेले शरीर आणि चालता चालता धावू लागणारी पावले त्यांनी अचूक टिपली.

पुढे पॅरिसमधील साल्पेत्रिएर रुग्णालयात जाँ-मार्तँ शार्को यांनी हालचालींची मंदता हे वेगळे लक्षण म्हणून नोंदवले आणि विकाराला पार्किन्सनचे नाव दिले. कंपाची नोंद घेण्यासाठी त्यांनी आलेख काढणारे उपकरणही वापरले. विसाव्या शतकात कारण उलगडले. मेंदूतील विशिष्ट पेशी नष्ट होतात; रुग्णांच्या मेंदूत डोपामाइन हे रसायन कमी पडते, हे १९६० मध्ये दिसून आले. ज्यापासून डोपामाइन बनते ते लेव्होडोपा मग मुख्य औषध ठरले. आयुर्वेदात वातविकारांवर वापरल्या जाणाऱ्या खाजकुइलीच्या बियांतून हे द्रव्य भारतीय संशोधकांनी १९३७ मध्येच वेगळे केले होते. मार्गारेट होन व मेल्विन यार यांनी १९६७ मध्ये आजाराचे पाच टप्पे ठरवले.

तरीही अडचण राहिलीच. लक्षणे दिसेपर्यंत बऱ्याच पेशी नष्ट झालेल्या असतात आणि तपासणीच्या काही मिनिटांत रुग्णाचा सारा दिवस कळत नाही. येथे कृत्रिम बुद्धिमत्ता उपयोगी पडू लागली. संशोधक मॅक्स लिटल व सहकाऱ्यांनी ३१ जणांच्या आवाजाची १९५ ध्वनिमुद्रणे तपासली. त्यांपैकी २३ जणांना कंपवात होता. आवाजातील सूक्ष्म फरकांवरून रुग्ण व निरोगी व्यक्ती संगणकाला बऱ्याच अंशी ओळखता आल्या. २०२२ मध्ये संशोधक दीना कताबी यांच्या गटाने झोपेतील श्वासोच्छ्वासावरून आजार ओळखणारी प्रणाली मांडली. अंगाला न लागणारे यंत्र रेडिओलहरींनी श्वास टिपते, त्यामुळे घरीच रोज नोंद घेता येते. मनगटावरील संवेदकांच्या नोंदीही औषधाची मात्रा व वेळ ठरवण्यास मदत करतात.

मात्र ज्या लोकांच्या नोंदींवर प्रणाली शिकते, त्यांच्यापेक्षा वेगळ्या भाषेच्या वा वयाच्या रुग्णांबाबत ती चुकू शकते. म्हणून तिचा निष्कर्ष ही सूचना समजावी. निदान डॉक्टरांनीच करावे. पार्किन्सन यांनी रस्त्यावर सुरू केलेले निरीक्षण आता घराघरांत पोहोचले आहे, पण त्याचा अर्थ लावण्याची जबाबदारी माणसाचीच आहे.