आधी खोतीचे दप्तर उघडा

मालवण किनाऱ्यावर प्रकल्पाला जमीन हवी झाली की आजचा सातबारा बघून मोबदला ठरतो. १९८१ पर्यंत हा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात, म्हणजे खोतीच्या जिल्ह्यात होता. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी विधेयक मांडले: खोती रद्द, खोताला वाजवी भरपाई, जमिनीचा हक्क कसणाऱ्याला. १० जानेवारी १९३८ ला शेतकऱ्यांचा मोर्चा थेट विधिमंडळावर गेला. कायदा मात्र १९४९ साली, काँग्रेसच्या राज्यात. ज्याचे नाव कागदावर नव्हते, त्याने हक्क सिद्ध करायचा कशाने? सगळी गावे खोती नव्हती, म्हणून तर गावागणिक जुनी दप्तरे आणि फेरफार तपासावे लागतील. किल्ल्याचा इतिहास सरकारला बरा आठवतो! आमची मागणी आहे, भूसंपादनाच्या नोटिशीआधी प्रत्येक गावचा कुळांचा इतिहास ग्रामसभेत वाचून दाखवा.