पेट्रोल नेमके अडते कुठे? कार्बोरेटरच्या जुन्या गाडीचे निदान

मे महिन्यात मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर जिल्ह्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. तापीकाठच्या बुऱ्हाणपूर शहरातून सातपुड्याच्या पट्ट्यातील धूलकोटकडे निघालेली एखादी जुनी प्रीमियर पद्मिनी सपाट रस्त्यावर सुरळीत धावते आणि भर दुपारी चढ लागताच गचके देऊन बंद पडते. तशीच एखादी गाडी गोव्यात पावसाळाभर पडवीत उभी राहते आणि गणेश चतुर्थीच्या सुमारास काही केल्या सुरू होत नाही. एका ठिकाणी कोरडी उष्णता, दुसऱ्या ठिकाणी दमट हवा. तक्रार मात्र एकच, पेट्रोल पोहोचत नाही. दोन्ही ठिकाणी पहिला संशय कार्बोरेटरवर घेतला जातो, तो उघडला जातो, आणि पुष्कळदा दोष तिथे नसतोच.

पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन, अँबेसिडरचे १४८९ सीसीचे जुने इंजिन आणि १९८३ साली आलेल्या मारुती ८०० चे ७९६ सीसीचे इंजिन यांची इंधनव्यवस्था मूलतः एकाच पद्धतीची आहे. टाकी, नळी, गाळणी, पंप आणि शेवटी कार्बोरेटर अशी ही साखळी. २००० साली देशभर लागू झालेल्या उत्सर्जन मानकांनंतर कार्बोरेटर मागे पडला आणि फ्युएल इंजेक्शन रूढ झाले. परिणामी कार्बोरेटर जाणणारे कारागीर कमी झाले आणि मूळ सुटे भागही दुर्मीळ झाले. चुकीच्या निदानापायी चांगला कार्बोरेटर उघडून त्याची पॅकिंगे आणि जेट बिघडवणे आज परवडणारे नाही. म्हणून निदानाचा नियम एकच: पेट्रोल ज्या वाटेने जाते ती वाट क्रमाने तपासावी आणि जिथे ते पहिल्यांदा अडलेले दिसेल तिथेच हात घालावा.

आधी खबरदारी

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि बंद गॅरेजमध्ये साठून राहते. त्यामुळे ही तपासणी मोकळ्या जागी, इंजिन थंड असताना करावी. जवळ ड्राय पावडरचे अग्निशामक किंवा वाळूची बादली असावी. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारल्यास जळते पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरते. रस्त्यात सर्रास दिसणाऱ्या दोन सवयी कटाक्षाने टाळाव्यात. पहिली, नळी तोंडात धरून पेट्रोल ओढणे. पेट्रोलचा थोडासा अंश फुप्फुसात गेला तरी गंभीर इजा होते. दुसरी, कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतत स्टार्टर मारणे. इंजिनाने उलटा भडका दिला तर हातातली बाटलीच पेटते.

दोष इंधनाचा की ठिणगीचा?

एअर फिल्टरचे झाकण काढावे, इंजिन बंद ठेवून कार्बोरेटरच्या घशात पाहावे आणि ॲक्सिलरेटरची कांडी हाताने झटक्यात ओढावी. ॲक्सिलरेटर पंप ठीक असेल तर आत पेट्रोलची बारीक धार उडताना दिसते. धार दिसली म्हणजे फ्लोटच्या वाटीत पेट्रोल आहे. तरीही इंजिन मुळीच पेट घेत नसेल, तर आधी प्लगची ठिणगी, कॉइल आणि कंडेन्सर तपासावेत. धार न दिसल्यास वाटी रिकामी असण्याची शक्यता अधिक, आणि शोध टाकीपासून सुरू करावा.

टाकी आणि तिचे झाकण

जुन्या गाडीचा पेट्रोल काटा विश्वासार्ह नसतो, म्हणून टाकीत पेट्रोल आहे याची प्रत्यक्ष खात्री करावी. त्यानंतर पाहायचे ते टाकीचे हवेचे छिद्र. अनेक जुन्या गाड्यांत ते झाकणातच असते. पेट्रोल जितके बाहेर जाते तितकी हवा आत यावी लागते. छिद्र धुळीने किंवा गंजाने बुजले की टाकीत निर्वात पोकळी तयार होते आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. गाडी काही किलोमीटर धावून बंद पडते, थोडा वेळ उभी राहिली की पुन्हा चालू होते. बंद पडताच झाकण उघडावे. हवा आत शिरल्याचा फुस्स असा आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर दोष सापडला. हा दोष दूर करायला खर्च जवळजवळ नसतोच.

नळी आणि गाळणी

टाकीपासून पंपापर्यंतच्या भागात पेट्रोल ढकलले जात नाही, ओढले जाते. त्यामुळे तिथल्या रबरी नळीला सूक्ष्म चीर पडली तर पेट्रोल बाहेर गळेलच असे नाही. उलट बाहेरची हवा आत शिरते आणि पंप पेट्रोलऐवजी हवा ओढत राहतो. बाहेरून कोरडी दिसणारी नळी म्हणूनच निर्दोष मानू नये. ती वाकवून पाहावी. पृष्ठभागावर भेगा दिसल्या, रबर कडक झाले असेल किंवा फुगून मऊ पडले असेल तर ती बदलावी. गाळणी पारदर्शक असेल तर तिच्यातील तांबूस कचरा हा टाकी आतून गंजत असल्याचा पुरावा असतो. अशा वेळी केवळ गाळणी बदलून भागत नाही, टाकी उतरवून स्वच्छ करावी लागते.

पंपाची परीक्षा

या गाड्यांतील पंप यांत्रिक असतो. इंजिनाचा कॅमशाफ्ट त्याचा दांडा हलवतो आणि आतील डायफ्रॅम खालीवर होऊन पेट्रोल पुढे जाते. दाब अगदी मामुली, साधारण ०.२ ते ०.३ किलो प्रति चौरस सेंटीमीटर असतो. परीक्षेसाठी कॉइलची बारीक वायर काढावी, म्हणजे ठिणगी पडणार नाही. कार्बोरेटरकडे जाणारी नळी सोडवून तिचे टोक एका पारदर्शक बाटलीत धरावे आणि दुसऱ्या व्यक्तीने स्टार्टर मारावा. इंजिनाच्या दर दोन फेऱ्यांना एक याप्रमाणे पेट्रोलचा ठसठशीत झोत आला पाहिजे. झोत क्षीण असेल तर पंप किंवा त्याआधीची वाट दोषी. बुडबुड्यांसह येत असेल तर ओढ-बाजूला हवा शिरत आहे.

काही पंपांना हाताने पेट्रोल चढवण्यासाठी छोटा दांडा असतो. तो सैल लागला म्हणून पंप गेला असे समजू नये. कॅमचा उंचवटा पंपाखाली येऊन थांबला असेल तरी दांडा निकामी वाटतो. इंजिन थोडे फिरवून पुन्हा पाहावे. डायफ्रॅम फाटल्याची खूण ऑइलच्या पट्टीवरही सापडते. ऑइलची पातळी वाढलेली दिसली आणि त्याला पेट्रोलचा वास आला, तर ते पातळ ऑइल बेअरिंगची हानी करण्यापूर्वी गाडी थांबवून पंप आणि ऑइल दोन्ही बदलावे.

शेवटी कार्बोरेटर

इथपर्यंत सर्व ठीक निघाले तरच कार्बोरेटरकडे वळावे. त्याची लक्षणे बोलकी असतात. इंजिन वेगात नीट चालते पण स्लोला थांबते, तेव्हा स्लो जेटमध्ये कचरा असावा. स्लोला ठीक आणि वेगात किंवा चढावर दुबळे, तर मेन जेट बुजला असावा. ॲक्सिलरेटर दाबताच क्षणभर अडखळते, तर ॲक्सिलरेटर पंप तपासावा. काळा धूर आणि पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर निडल व्हॉल्व बसत नाही, फ्लोटमध्ये पेट्रोल शिरले आहे किंवा चोक अडकला आहे. प्लगचा रंग हीच गोष्ट सांगतो: तपकिरी असेल तर मिश्रण योग्य, काजळीसारखा काळा असेल तर पेट्रोल जास्त, पांढरट असेल तर पेट्रोल कमी. जेट तारेने टोकरू नये. त्याचे छिद्र मोजून पाडलेले असते. स्वच्छ पेट्रोल आणि हवेचा झोत पुरेसा असतो.

उष्णतेचा फास

धूलकोटच्या वाटेवर दुपारी बंद पडणाऱ्या गाडीत यांपैकी एकही दोष नसू शकतो. पेट्रोलचे हलके घटक ३५ ते ४० अंशांच्या आसपासच उकळू लागतात. चढावर वेग कमी, इंजिनावरचा भार जास्त आणि बाहेरची हवाही तापलेली. अशा वेळी नळीत व पंपात वाफ साठते आणि पंप ती ढकलू शकत नाही. यालाच व्हेपर लॉक म्हणतात. तापलेली कॉइल निकामी झाली तरी लक्षण हेच दिसते. फरक ओळखण्यासाठी फक्त पंपावर आणि नळीवर ओले फडके ठेवावे, कॉइलला हात लावू नये. काही मिनिटांत गाडी सुरू झाली तर वाफेचा संशय बळावतो. न झाल्यास ठिणगी पाहावी. तापलेल्या एक्झॉस्टवर पाणी मात्र ओतू नये. नळी एक्झॉस्टपासून दूर नेणे आणि मूळ उष्णतारोधक पत्रा पुन्हा बसवणे हा कायमचा उपाय.

इथेनॉलचे नवे दुखणे

पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण देशात २०२२ मध्ये १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचले. या गाड्या अशा इंधनासाठी घडलेल्या नाहीत. शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनाला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ पट. जुन्या जेटमधून जाणारे नवे इंधन त्यामुळे तुलनेने कमी पडते आणि मिश्रण पातळ होते. इथेनॉल ओलावाही शोषतो. गोव्याच्या दमट हवेत महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीत पाण्याचे प्रमाण मर्यादेपलीकडे गेले, की पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसतात. टाकीचा गंज आणि कार्बोरेटरच्या वाटीतील पांढरी भुकटी त्यातूनच येते. दीर्घकाळ उभी ठेवायची गाडी म्हणून अधूनमधून चालवावी, अन्यथा वाटी रिकामी करून ठेवावी.

सर्वांत गंभीर परिणाम होतो तो जुन्या रबरावर. पंपानंतरची नळी दाबाखाली असते आणि ती तापलेल्या इंजिनाजवळून जाते. तिथली गळती हा केवळ बिघाड नव्हे, ते आगीचे कारण आहे. गाडी निर्वेध चालत असली तरी सर्व रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या प्रतीच्या बसवून घ्याव्यात आणि क्लिपा नव्या घालाव्यात. बॉनेट उघडताच पेट्रोलचा वास आला, तर गळती सापडेपर्यंत किल्ली फिरवू नये.