पॉइंट न देणारी स्पर्धा

स्नूकर म्हटलं की आपल्याला आठवतात ते वेस्टकोट घातलेले गोरे खेळाडू आणि लंडनची थंडी. पण गंमत बघा, हा खेळ जन्मला आपल्या जबलपूरला! 1875 मध्ये तिथल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने (पुढे पंतप्रधान झाले ते हे नव्हेत) तो सुरू केला असं मानतात. त्यानंतर बरोब्बर शंभर वर्षांनी, 1975 मध्ये, लंडनमध्ये एक स्पर्धा सुरू झाली. तिचं नाव मास्टर्स.

पहिल्या वर्षी फक्त 10 जणांना बोलावणं होतं. फायनलला जॉन स्पेन्सर आणि रे रिअर्डन. स्कोअर 8-8, आणि शेवटच्या फ्रेममध्येही दोघांचे गुण सारखे! अशा वेळी काळा चेंडू पुन्हा त्याच्या जागेवर ठेवतात, जो तो पॉकेटमध्ये घालेल तो जिंकला. स्पेन्सरने घातला. सुरुवातच अशी झाल्यावर स्पर्धा कंटाळवाणी कशी होणार?

1984 पासून जगातल्या पहिल्या 16 जणांना बोलवायची पद्धत पडली. पण मास्टर्सचा एकही पॉइंट रँकिंगमध्ये धरला जात नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर काम जीव तोडून करायचं, आणि अप्रेझलच्या फॉर्मवर त्यासाठी रकानाच नाही! (पैसे चांगले मिळतात, ते सोडा.) तरीही वर्ल्ड चॅम्पियनशिप आणि यूके चॅम्पियनशिपच्या पंक्तीत हिचं पान मांडलेलं असतं. कारण सोपं आहे. इथे सोपी पहिली मॅच नाहीच. समोर येणारा प्रत्येक जण बाप माणूस, आणि हरलात की थेट घरी.

आता मला खरं ज्याच्याबद्दल लिहायचंय तो पॉल हंटर. लीड्सचा पोरगा, सोनेरी केस, हसरा चेहरा. 2001 ची फायनल, वय 22. जिंकायला 10 फ्रेम्स लागतात आणि हा फर्गल ओब्रायनविरुद्ध 3-7 ने मागे. तिथून सहा फ्रेम्समध्ये चार शतकी ब्रेक मारून 10-9 ने जिंकला. लोक म्हणाले असतील, नशीब. 2002 मध्ये मार्क विल्यम्सविरुद्ध 0-5 वरून पुन्हा 10-9. आणि 2004 मध्ये समोर साक्षात रॉनी ओसलिव्हन, स्कोअर 2-7... तरी निकाल 10-9! तीन फायनल, तिन्ही शेवटच्या फ्रेममध्ये, तिन्ही मागून येऊन. याला नशीब म्हणत नाहीत राव.

2005 मध्ये त्याला कॅन्सर असल्याचं कळलं. उपचार चालू असतानाही तो खेळत राहिला. 9 ऑक्टोबर 2006 ला तो गेला. अठ्ठाविसावा वाढदिवस पाच दिवसांवर आला होता. यावेळी मात्र मागून येणं जमलं नाही. ज्या वेम्ब्ली कॉन्फरन्स सेंटरमध्ये त्याने ते तिन्ही विजय मिळवले, ती इमारतही त्याच वर्षी पाडली गेली.

म्हणजे माणूस गेला, जागा गेली, आणि रँकिंगच्या कागदावर तर त्या विजयांची नोंद कधी नव्हतीच. मग उरलं काय?

उरलं ते असं. 2016 मध्ये मास्टर्सच्या करंडकाला पॉल हंटरचं नाव दिलं गेलं. त्या नावाचा करंडक जानेवारी 2017 मध्ये पहिल्यांदा कोणी उचलला, माहितेय? रॉनी ओसलिव्हनने. 2004 ला 7-2 ची आघाडी घेऊन हंटरकडून हरलेला तोच रॉनी. हे त्याचं सातवं मास्टर्स, स्टीफन हेंड्रीचा सहाचा विक्रम मोडणारं. (2024 मध्ये आठवंही झालं.) विक्रम त्याचा, पण हातातल्या करंडकावर नाव त्याला हरवणाऱ्याचं.

आपण दर वर्षी रेटिंगसाठी जीव टाकतो. मीही टाकतो, उगाच साधुपणाचा आव आणत नाही. पण पाच वर्षांपूर्वी कोणाला किती रेटिंग मिळालं ते आठवतंय का? मला तर माझंही आठवत नाही. असो. सोमवारी स्टेटस मीटिंग आहेच.