"शक्य तितक्या लवकर" म्हणजे नेमकं कधी?

आज थोडं व्याकरण आणि बराचसा इतिहास. पोस्ट लांब आहे, पण वाचा.

शाळेत क्रियाविशेषण शिकलो होतो ना? क्रिया कशी घडली, किती घडली, केव्हा घडली ते सांगणारा शब्द. सरकारी पत्रव्यवहारात तर त्यांचा नुसता पाऊस असतो. तात्काळ, तातडीने, प्राधान्याने, गांभीर्याने, युद्धपातळीवर. एखादं काम सरकारला किती महत्त्वाचं वाटतं हे आपण याच शब्दांवरून ओळखतो. माझं म्हणणं असं की नुसत्या शब्दावरून ते ओळखूच नये. का, ते सांगतो.

मे १९४९, घटना समिती. राष्ट्रपतींकडे संसदेने मंजूर केलेलं विधेयक आलं आणि त्यांना ते फेरविचारासाठी परत पाठवायचं असलं, तर किती दिवसांत पाठवावं? मसुद्यात स्पष्ट आकडा होता: सहा आठवड्यांच्या आत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दुरुस्ती मांडली की त्याऐवजी "शक्य तितक्या लवकर" असे शब्द घालावेत. हरि विष्णू कामत उठले. आयसीएसची नोकरी सोडून सुभाषबाबूंबरोबर गेलेले हे गृहस्थ सभागृहात शब्दाशब्दाला अडवायचे. त्यांचा आक्षेप सरळ होता. हे शब्द मोघम आहेत, राज्यघटनेत निश्चित मुदत हवी. दुरुस्ती मंजूर झाली आणि मुदत गेली. आज राष्ट्रपतींसाठी कलम १११ मध्ये आणि राज्यपालांसाठी कलम २०० मध्ये तेच शब्द आहेत.

आता गंमत बघा. "शक्य तितक्या लवकर" हे ऐकायला सहा आठवड्यांपेक्षा जास्त घाईचं वाटतं. एखादा प्रामाणिक माणूस त्याचा अर्थ दोन दिवस असाही घेईल. बाबासाहेबांच्या डोळ्यांसमोर पदाची बूज राखणारी माणसं असतील, तर त्यात नवल नाही. पण किती शक्य आणि किती लवकर, हे ठरवणार कोण? ज्याच्या टेबलावर फाईल आहे तोच.

१९८६ साली टपाल कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. लोकांची पत्रं अडवण्याचा, उघडण्याचा सरकारचा अधिकार त्याने वाढणार होता. राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी सहीही केली नाही आणि ते परतही पाठवलं नाही. ठेवून दिलं. १९८७ मध्ये त्यांची मुदत संपली तरी ते तिथेच. विधेयक वाईट होतं, त्यामुळे ते अडलं याचं मला दुःख नाही. पण ज्या फटीतून वाईट विधेयक अडतं, त्याच फटीतून चांगलंही अडतं.

हा रोग आपल्याच देशातला आहे असंही नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. अंमल कधी करायचा, हे १९५५ च्या दुसऱ्या निकालात आलं. काळ्या मुलांच्या बाजूचे वकील थर्गुड मार्शल यांची मागणी होती की ताबडतोब करा आणि तारीख घाला. न्यायालयाने तारीख न देता शब्द दिले. मराठीत त्यांचा अर्थ साधारण "विचारपूर्वक, पण पूर्ण वेगाने" असा होईल. दक्षिणेतल्या राज्यांनी त्यातला "विचारपूर्वक" तेवढा उचलला आणि वेग सोडून दिला. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने तर १९५९ मध्ये सार्वजनिक शाळांनाच कुलूप लावलं. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली आणि बहुतेक काळी मुलं वर्षानुवर्षं घरी बसली. त्या शाळा १९६४ मध्ये उघडल्या. पहिलीत जायचं पोर त्या पाच वर्षांत कुठे पोहोचलं असतं, तुम्हीच हिशेब करा. शेवटी १९६९ मध्ये त्याच न्यायालयाला मिसिसिपीच्या खटल्यात "आता लगेच" असं म्हणावं लागलं. चौदा वर्षं गेली!

परत आपल्याकडे येऊ. नोव्हेंबर २०२३ मध्ये पंजाबच्या प्रकरणात सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या खंडपीठाने सांगितलं की "शक्य तितक्या लवकर" हे शब्द शोभेचे नाहीत, त्यांत घटनेने सांगितलेली निकड आहे. एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूच्या दहा विधेयकांच्या प्रकरणात दोन न्यायमूर्तींनी पुढचं पाऊल टाकलं आणि राज्यपाल व राष्ट्रपती यांच्यासाठी महिन्यांत मोजलेली मुदत घातली. मग राष्ट्रपतींनी चौदा प्रश्न पाठवले. नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या अमरावतीचे सरन्यायाधीश गवई यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच जणांच्या पीठाने मत दिलं की घटनेत नसलेली मुदत न्यायालयाने घालू नये. मात्र कारण न देता कुणी फारच काळ बसून राहिलं, तर निर्णय घ्या, असं न्यायालय सांगू शकतं. म्हणजे कामतांनी विचारलेला प्रश्न ७६ वर्षांनी पुन्हा तिथेच.

मग उपाय काय? तो आपल्याच कायद्यांत आहे. माहिती अधिकार कायदा २००५ काढून बघा. माहिती शक्य तितक्या लवकर द्यावी आणि कोणत्याही परिस्थितीत ३० दिवसांच्या आत द्यावी, असं त्यात आहे. माणसाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास. उशीर केला तर दिवसाला २५० रुपये दंड. महाराष्ट्राच्या दफ्तर दिरंगाई कायद्याने तर चक्क क्रियाविशेषणांचं माप ठरवलंय. साधी फाईल एका टेबलावर सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त थांबू नये, तातडीची शक्यतो चार दिवसांत आणि अतितातडीची शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी निघावी. आता तो कायदा किती पाळला जातो हे तुम्हाला-मला माहीत आहे. पण निदान बोट ठेवायला आकडा तरी आहे.

म्हणून एकच सांगणं. पुढच्या ग्रामसभेत किंवा प्रभागाच्या बैठकीत "पाण्याचं काम प्राधान्याने मार्गी लावू" असं ऐकलंत तर टाळ्या वाजवायची घाई करू नका. उठून विचारा, "साहेब, कोणत्या तारखेपर्यंत? आणि नाही झालं तर जबाबदार कोण?" उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या आणि नक्कल मागा.

तुमच्या गावातलं किंवा वॉर्डातलं कोणतं काम "तातडीने" होणार होतं आणि त्याला किती वर्षं झाली? खाली लिहा. सोबत साल टाका.