निजामाची आबकारी आणि शिंदीवरची कुऱ्हाड

१९४७ च्या उत्तरार्धात देश स्वतंत्र होत असताना निजामाच्या राज्यातील मराठवाड्यात स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते कुऱ्हाडी घेऊन शिंदीच्या बनांत शिरत होते. परभणी जिल्हा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. करोडगिरीच्या नाक्यांवरचे हल्ले समजण्यासारखे आहेत. पण राजाविरुद्धच्या लढ्यात झाडे कशासाठी तोडायची?

याचे उत्तर शोधण्यासाठी आधी थोडे इंग्लंडकडे वळावे लागेल.

हॉप्सयुक्त पेल एल घरी बनवणारा आजचा हौशी माणूस काय करतो? भरडलेले माल्टधान्य कापडी पिशवीत बांधून गरम पाण्यात भिजवतो, त्यात माल्टचा अर्क मिसळतो आणि तासभर उकळतो. आरंभी टाकलेले हॉप्स कडवटपणा देतात, अखेरीस टाकलेले सुगंध देतात. मग ते निववून यीस्ट घालायचे आणि दोन-तीन आठवडे थांबायचे. एवढा खटाटोप करण्याचे कारण असे की, जवाच्या दाण्यात असतो तो स्टार्च. दाणा मोडवल्याशिवाय त्याची साखर होत नाही आणि साखरेशिवाय यीस्टला काम नाही. हॉप्स मात्र टिकाऊपणासाठीही असतात. लंडनजवळच्या बो येथील हॉजसनची आणि १८२० च्या दशकापासून बर्टनच्या ऑलसॉपची पेल एल आफ्रिकेला वळसा घालून, महिनोन्‌महिने प्रवास करून मुंबई-कलकत्त्यास पोहोचे, ती याच बळावर. (ती हॉजसनने खास हिंदुस्थानासाठी शोधून काढली, ही मात्र दंतकथाच.)

शिंदीचे सगळेच उलट. गोदावरी, पूर्णा, दुधना यांच्या काठच्या ओढ्यांत ती आपोआप उगवते. शेंड्याजवळ छेद द्यायचा, संध्याकाळी मडके बांधायचे आणि सूर्योदयापूर्वी उतरवायचे. रसात साखर तयारच असते; यीस्ट हवेतून, मडक्यातून स्वतः येते. सकाळची गोड नीरा काही तासांत चढू लागते आणि एक-दोन दिवसांत आंबटढाण होते. जे पेय साठवता येत नाही, दूर नेता येत नाही, त्यावर गोदामात किंवा नाक्यावर कर कसा बसवणार? म्हणून कर थेट झाडावर आला. छेद द्यायला परवाना, विक्रीला लिलावाने दिलेला गुत्ता. स्वतःच्या बांधावरच्या झाडाचा रसही विनापरवाना काढणे गुन्हा ठरला. आबकारी हा निजामाच्या तिजोरीचा एक मोठा आधार होता.

स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली ७ ऑगस्ट १९४७ रोजी ‘भारतीय संघराज्यात सामील व्हा’ दिन पाळला गेला आणि लढा पेटला. शिंदी तोडण्यात दोन हेतू एकत्र आले: गांधीवादी दारूबंदी आणि निजामाच्या उत्पन्नावर घाव. गुत्तेदाराचे दुकान जाळले तर दुसऱ्या दिवशी नवे उघडता येते. तोडलेल्या झाडाच्या जागी नवे झाड रसाला यायला वर्षे लागतात. डावपेच म्हणून ही निवड अचूक होती, हे मान्य करावेच लागते.

तरीही कुऱ्हाड केवळ निजामावर पडली नाही. ज्या केरसुणीला लक्ष्मी मानून दिवाळीत हळदकुंकू वाहतात, ती शिंदीच्याच पानांची. ती वळणाऱ्या मातंग कुटुंबांचे आणि रस काढणाऱ्यांचे पोट याच झाडावर होते. लढ्याच्या गौरवकथांत त्यांना फारशी जागा मिळत नाही.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती जाहीर केली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पुढे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा इथेही लागू झाला. या कायद्यातील ‘मद्या’च्या व्याख्येत बिअरही येते. त्यामुळे आज परभणीत कोणी स्वयंपाकघरात माल्टचा अर्क उकळून पेल एल बनवली, तर कायद्याच्या लेखी तो चोरून शिंदी काढणाऱ्याच्याच रांगेत उभा राहतो.